डब्यावरचा रंग आणि कापडावरचा रंग

रंगाच्या डब्यावर छापलेली छटा आणि त्याच डब्यातल्या पुडीने रंगवलेल्या कापडाची छटा यांत जे अंतर पडते, ते हाताने कापड रंगवणारे बहुतेक जण नशिबाच्या खात्यावर टाकतात. मला ते पटत नाही. हे काम करता करता माझे असे मत झाले आहे की रंगाचा हा बेभरवसा एका प्रकारचा नसून दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकाराला निश्चित कारण असते. तेच कापड, तेच पाणी, तेवढीच उष्णता आणि तेवढाच वेळ पुन्हा मिळाला तर तोच रंग पुन्हा येतो, फक्त ते कारण आपल्याला ठाऊक नसते किंवा ते मोजण्याची तसदी आपण घेतलेली नसते. दुसऱ्या प्रकारात कारणे ठाऊक असूनही फारसा उपयोग होत नाही, कारण ती एकाच वेळी इतक्या ठिकाणी आणि इतक्या बारीक प्रमाणात काम करत असतात की ती पुन्हा तशीच जुळवून आणणे कोणालाच शक्य नसते. रंगवणाऱ्याचा बराचसा मनस्ताप पहिल्या प्रकारातला असतो, पण तो दुसऱ्या प्रकारातला आहे असे समजून सोडून दिला जातो.

सर्वांत साधे उदाहरण ओल्या कापडाचे आहे. बादलीतून काढलेले कापड गडद आणि भरदार दिसते आणि वाळल्यावर तेच फिके पडल्यासारखे वाटते. यात रंग उडालेला नसतो. कोरड्या कापडात धाग्यांच्या मध्ये आणि तंतूंच्या मध्ये हवा असते. हवा आणि तंतू यांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेत, बराच फरक असल्यामुळे प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर विखुरला जातो आणि त्यातला बराच पांढरा प्रकाश रंगाला स्पर्श न करताच डोळ्यांपर्यंत परत येतो. त्या जागी पाणी भरले की हा फरक कमी होतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक 1.33 आणि कापसाच्या तंतूचा दीडच्या थोडा वर असतो. प्रकाश कमी विखुरतो, आत खोलवर जातो, रंगातून अधिक अंतर पार करून बाहेर येतो आणि म्हणून गडद दिसतो. याखेरीज, ओल्या कापडात अजून तंतूला न चिकटलेला सुटा रंगही असतो आणि तो पुढच्या धुण्यात जाणारच असतो. म्हणजे बादलीजवळ उभे राहून आपण ज्या छटेवर समाधान मानतो तिच्यातला काही भाग पाण्याचा असतो आणि काही भाग गटारात जाणाऱ्या रंगाचा. यावर उपाय सोपा आहे. त्याच कापडाची एक चिंधी बरोबर रंगवायची, मध्येच काढून नीट धुवायची, इस्त्रीने वाळवायची आणि मगच मत द्यायचे. ओल्या कापडाकडे पाहून रंग ठरवणाऱ्याला अनुभव कितीही असो, तो अंदाजच करत असतो.

कापड ही गोष्ट तर रंगाइतकीच बोलकी आहे. सुती, व्हिस्कोस आणि लिनन हे तिन्ही सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींपासून मिळणाऱ्या द्रव्याचे, असले तरी एकाच रंगाच्या पाण्यात एकत्र टाकल्यास ते एकसारखे निघत नाहीत. व्हिस्कोस सहसा सर्वांत गडद होते. मर्सराइज केलेला कापूस, म्हणजे ताण देऊन कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणातून काढलेला कापूस, साध्या कापसापेक्षा अधिक रंग ओढतो, कारण त्या प्रक्रियेत तंतू फुगतो, गोलसर होतो आणि त्याच्या आतली रचना रंगाला अधिक वाट देते. रेशमावर हाच रंग घेतला तर छटा वेगळ्याच दिशेला सरकते. हे रंग कापसावर बसवायला पाण्यात सोडा लागतो, पण लोकर सोड्याच्या पाण्यात घालणे म्हणजे तिचे नुकसान करून घेणे आहे. तिला आम्लधर्मी पाणी लागते. पॉलिएस्टरवर तर या जातीचा रंग बसतच नाही. तयार शिवलेला सुती सदरा रंगवल्यावर त्याच्या शिवणी पांढऱ्याच राहतात, कारण शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो. कित्येकांना हा दोष वाटतो, मला तो कधी कधी आवडतो. पण आवडो वा न आवडो, तो आधी माहीत असायला हवा.

कापडावर जे दिसत नाही ते आणखी त्रास देते. विणताना ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेली खळ, कापसाचे नैसर्गिक मेण, गिरणीत शेवटी दिलेला मऊपणाचा किंवा चुण्या न पडण्याचा लेप, घरच्या धुण्यात राहिलेले कंडिशनर, हातांचे तेल, यांपैकी काहीही असले तर रंग तिथे अडखळतो. कोरे कापड दिसायला स्वच्छ असते, म्हणून ते तसेच रंगात टाकण्याचा मोह होतो आणि मग ढगांसारखे डाग उमटतात. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडे साबणद्रव्य घालून कापड उकळले की पाणी चहासारखे तपकिरी होते. ते पाहिल्यावर पुढच्या वेळी ही पायरी गाळण्याची इच्छा होत नाही. इतके करूनही काही कापडांवर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके राहतात. ते बहुधा न पिकलेल्या कापसाचे तंतू असतात. त्यांची भिंत पातळ असते, ते गुठळी करून बसतात आणि त्यांच्यावर रंग जवळजवळ चढत नाही. याला इलाज नाही. अतिशय पांढऱ्या शुभ्र कापडाबद्दलही सावध राहावे लागते, कारण त्यात अनेकदा उजळपणा आणणारे द्रव्य असते, जे अतिनील प्रकाश घेऊन निळसर प्रकाश बाहेर टाकते. अशा कापडावरचा फिका पिवळा किंवा पीच रंग उन्हात एक दिसतो आणि बल्बखाली दुसराच.

आता रंगाकडे वळते. आज घरोघरी सुती कापडासाठी जे रंग वापरले जातात त्यांतले सर्वाधिक विश्वासाचे म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह रंग. आयसीआय या ब्रिटिश कंपनीत रॅटी आणि स्टीफन या रसायनशास्त्रज्ञांनी हे काम केले आणि 1956 साली ‘प्रोसियन’ या नावाने असे रंग बाजारात आले. विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने क्विनीन बनवायला जाऊन जांभळा मॉव्ह रंग मिळवला, त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे होत होती. या नव्या रंगांचे वैशिष्ट्य असे की ते तंतूवर नुसते बसत नाहीत किंवा त्यात अडकून राहत नाहीत, तर सेल्युलोजच्या रेणूशी थेट रासायनिक बंध जोडतात. म्हणूनच ते पक्के असतात. परंतु त्यांच्या बेभरवशाचे मूळही याच गुणात आहे.

रंगाचा रेणू सेल्युलोजशी ज्या पद्धतीने बंध जोडतो, साधारण त्याच पद्धतीने तो पाण्याशीही जोडू शकतो. पाण्याशी बंध झालेला रेणू निकामी होतो. त्याचा रंग तसाच राहतो, पण कापडाला धरून ठेवण्याची त्याची शक्ती कायमची गेलेली असते. सोडा घातल्यावर पाणी अल्कधर्मी होते आणि दोन्ही क्रिया वेग घेतात, म्हणजे त्या क्षणापासून कापड आणि पाणी यांच्यात रंगासाठी ओढाताण सुरू होते. कापडाची बाजू बळकट करण्यासाठी आपण जे करतो ते सगळे शेवटच्या छटेवर उतरते. मीठ घातले तर रंग आणि तंतू या दोन्ही ऋणभारित गोष्टींमधले परस्परांना ढकलणे कमी होते आणि रंग तंतूच्या जवळ येतो. पाणी कमी घेतले तर रंगाला कापड लवकर सापडते. पाणी वाढवले तर रंगाची पूड तेवढीच असूनही छटा फिकी येते, कारण अधिक रेणू वाटेतच पाण्याला मिळतात. मोठ्या बादलीत ऐसपैस ढवळणे कापडावर रंग सारखा बसण्यासाठी चांगले आणि रंगाच्या गडदपणासाठी वाईट. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असणाऱ्याला अधिक पूड खर्च करावी लागते.

उष्णतेचा परिणाम याहूनही ठळक असतो. या जातीचे सर्वांत चपळ रंग 35 ते 40 अंश सेल्सिअसला छान काम करतात. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुपटीच्या आसपास वाढतो असा जो ढोबळ नियम आहे, तो इथे ध्यानात ठेवावा. गार दिवशी गार फरशीवर ठेवलेल्या बादलीत रंग अर्धवट राहतो आणि आपण म्हणतो, यंदाची पूड कमी प्रतीची होती. कधी कधी ती खरोखरच जुनी असते, कारण दमट हवेत उघड्या राहिलेल्या डब्यात हीच पाण्याबरोबरची क्रिया हळूहळू चालू असते. सोडा मिसळून ठेवलेला रंग तर काही तासांत मरतो; तो दुसऱ्या दिवशी वापरला तर कापड बादलीत भडक दिसते आणि धुतल्यावर जेमतेम डागाळल्यासारखे उरते. (पूड हाताळताना मास्क लावावा, हे इथेच सांगून टाकते. हे रंग ज्या चपळाईने कापसाशी बंध जोडतात ती श्वासनलिकेला मानवत नाही, आणि काहींना त्याची कायमची अ‍ॅलर्जी जडते.)

इथपर्यंतचा सारा बेभरवसा गडद आणि फिके यांपुरता आहे, असे कोणाला वाटेल. तसे असते तर काम बरेच सोपे झाले असते. खरी गुंतागुंत मिश्र रंगांत आहे आणि डब्यांतले बरेचसे रंग मिश्रच असतात. ऑलिव्ह, चॉकलेटी, राखाडी, मोरपंखी, वाइन अशा मनात भरणाऱ्या नावांमागे अनेकदा दोन, तीन किंवा त्याहून अधिक रंगद्रव्ये असतात आणि त्यांतले प्रत्येक आपापल्या गतीने चालते. फुशिया नावाचा गुलाबी-लाल रंग भलताच घाईचा आहे. कापड दिसले की तो चिकटतो. फिरोजी रंगाचे उलट आहे. त्याचा रेणू तांबे मध्यभागी असलेल्या थॅलोसायनीन गटातला, आकाराने मोठा आणि चालीने सुस्त. त्याला अधिक ऊब आणि अधिक वेळ लागतो. हे दोघे मिळून बनवलेला जांभळा घ्या. उबदार पाण्यात भरपूर वेळ दिला तर तो निळसर जांभळा येईल. गार दिवशी घाईने काढून धुतला तर निळा बराचसा धुऊन जाईल आणि गुलाबीकडे झुकलेला जांभळा हाती राहील. पूड तीच, प्रमाण तेच, हातही तेच असतात, आणि तरी दोन कापडे शेजारी ठेवली तर ती एका घरातली वाटत नाहीत.

घडी घालून किंवा बांधून रंगवताना हाच वेगाचा फरक डोळ्यांना दिसेल अशा तऱ्हेने उलगडतो. रंगाचे पाणी घडीच्या बाहेरून आत झिरपत जाते. वाटेत जो रंग आधी चिकटतो तो बाहेरच्या कडेला संपतो आणि जो रेंगाळतो तो आतपर्यंत पोहोचतो. त्यामुळे काळ्या रंगाच्या कडेला कधी निळी, कधी लालसर, कधी पिवळट किनार उमटते. प्रयोगशाळेत शाईचे घटक वेगळे करण्यासाठी गाळणकागद वापरतात, त्यातले आणि घडीच्या कापडातले तत्त्व फार दूरचे नाही. कोणता डबा शुद्ध आणि कोणता मिश्र हे पाहण्यासाठी मी ओल्या टिपकागदावर चिमटीभर पूड दुरून भुरभुरते. शुद्ध रंगाचे सगळे ठिपके एकाच जातीचे उमटतात. मिश्र रंगाच्या प्रत्येक कणाभोवती त्याचा स्वतःचा रंग पसरतो आणि राखाडी म्हणून विकत घेतलेल्या डब्यातून नारिंगी, निळे आणि जांभळे ठिपके बाहेर पडतात. बर्फावर पूड पसरून रंगवण्याची जी पद्धत अलीकडे लोकप्रिय झाली आहे तिचे सौंदर्य सगळे यातच आहे: बर्फ हळूहळू वितळतो, कण एकेक करून विरघळतात आणि मिश्रणाला पुन्हा एकजीव होण्याची संधीच मिळत नाही. या पद्धतीसाठी शुद्ध रंग वापरणाऱ्यांची निराशा होते, आणि सपाट एकसारख्या रंगासाठी मिश्र डबे वापरणाऱ्यांचीही. म्हणून मी आता थोडेच शुद्ध रंग ठेवते आणि मिश्रणे स्वतः करते. निदान भांडण कोणाकोणाचे आहे हे तरी कळते.

वनस्पतींच्या रंगांकडे वळणारे अनेक जण ते ‘सौम्य’ असतात अशा समजुतीने वळतात. वागण्यात ते मुळीच सौम्य नाहीत. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांत एकच लाल रंग नसतो. अलिझरिन, पुर्पुरिन आणि त्यांच्या भावकीतली बरीच द्रव्ये असतात, ती प्रत्येक मुळात सारख्या प्रमाणात नसतात आणि एकाच तापमानाला पाण्यात उतरत नाहीत. मंद आचेवर लाल मिळतो, पाणी उकळीकडे गेले की तपकिरी झाक येते. पाण्यात चुन्याचा अंश असला तर लाल खुलतो, म्हणून याच एका कामासाठी जड पाणी चांगले. शिवाय रंगबंधक, म्हणजे रंगाला तंतूशी धरून ठेवणारे द्रव्य, काय घेतले यावर सारे अवलंबून असते: तुरटीने लाल, हिराकस या लोखंडाच्या क्षाराने जांभळट ते तपकिरी काळसर, आणि दोन्हींच्या मधल्या प्रमाणांनी मधल्या सगळ्या छटा. कापसावर तुरटी नीट धरत नाही, म्हणून आधी हिरड्यासारख्या टॅनिनच्या पाण्यातून कापड काढावे लागते आणि हिरड्याचा स्वतःचा पिवळसरपणा त्या लालात मिसळतो. हिराकस जरा जास्त झाला तर रंग मळतोच, पण कालांतराने तंतूही दुबळा होतो. लोखंडी भांड्यात रंगवताना हिराकस न घालताही त्याचा परिणाम मिळतो, अर्थात न मागता. हळदीचा रंग तर अल्कधर्मी साबणाच्या नुसत्या स्पर्शाने लाल होतो, आणि उन्हात टिकत नाही.

मुळांतले अलिझरिन वेगळे काढणे 1826 साली रोबिके आणि कोलँ यांना जमले. पुढे 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले आणि पाहता पाहता या मुळांची शेती बसली. कारखानदारांना स्वस्त रंग हवा होता हे खरेच, पण दर खेपेला तोच येणारा रंगही हवा होता. मुळांचा रंग म्हणजे अनेक द्रव्यांचा मेळ होता. त्यातले एकच द्रव्य वेगळे काढल्यावर खात्री आली आणि मेळ गेला. मला दोन्ही बाजू पटतात. ज्याला हजारो वार एकसारखे कापड द्यायचे आहे त्याने मुळांशी हुज्जत घालत बसावे असे मी म्हणणार नाही.

निळीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती पाण्यात विरघळतच नाही. तिच्यातला ऑक्सिजनचा हिशेब बदलून, म्हणजे तिचे क्षपण करून, तिला आधी अल्कधर्मी पाण्यात विरघळणाऱ्या पिवळट हिरव्या रूपात आणावे लागते. कापड त्यात बुडवून वर काढले की हवेतल्या ऑक्सिजनने ती पुन्हा निळी होते आणि तंतूंत अडकून बसते. इथे बंध नसतो, नुसती अडकण असते, म्हणून निळीचे कापड घासले की फिके पडत जाते. बुडवताना कापडाबरोबर आत गेलेले हवेचे बुडबुडे, अर्धवट पिळलेले कोपरे, एकमेकांना चिकटलेल्या घड्या, या प्रत्येक जागी हवा वेगळ्या वेळी पोहोचते आणि निळा वेगळा बसतो. एकदाच दाट पाण्यात बुडवून गडद निळा मिळवण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. विरळ पाण्यात अनेकदा बुडवून, प्रत्येक वेळी हवा देऊन चढवलेला निळा सारखा येतो आणि टिकतोही जास्त. बाएयर यांनी निळीची रचना 1883 मध्ये निश्चित केली आणि 1897 मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ विक्रीला आणली, पण रेणू तोच असल्यामुळे हौदाकाठचे हे सगळे नखरे कृत्रिम निळीनेही जसेच्या तसे सांभाळले आहेत.

पाण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर ते बदलते, आणि आपण ते बदलत नाही असे धरून चालतो. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला धरून ठेवतात किंवा सोड्याबरोबर पांढरा गाळ करतात आणि रंग डागाळतो. पाण्यात लोह असेल तर फिके रंग मळकट होतात. पाण्यातला जडपणा बांधून ठेवणारे सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट थोडेसे घातले की बराच प्रश्न मिटतो.

हे सर्व सांभाळून कापडावर रंग बसला, धुतला, वाळला, तरी तो कसा दिसेल हा प्रश्न उरतोच. मिशेल शव्रल हे रसायनशास्त्रज्ञ 1824 साली पॅरिसच्या गोबलँ विणकरखान्यात रंगविभागाचे प्रमुख झाले, तेव्हा तिथल्या काही रंगांविषयी तक्रारी होत्या. त्यांतली एक अशी की निळ्या-जांभळ्या भागांच्या सावल्यांसाठी वापरलेल्या काळ्या सुतात जोर नाही. शव्रल यांनी ते सूत इतर ठिकाणच्या काळ्या सुताशी ताडून पाहिले आणि रंगात काहीही कमी नव्हते. निळा आणि जांभळा शेजारी असल्यामुळे काळा तसा दिसत होता. या शोधाचा पाठपुरावा करून त्यांनी 1839 मध्ये रंगांच्या परस्परविरोधाचा नियम ग्रंथरूपाने मांडला. रंगवणाऱ्याने या प्रसंगातून एवढे जरूर घ्यावे की रंग बिघडला असे म्हणण्याआधी तो कापडाचा तुकडा पांढऱ्या किंवा राखाडी कागदावर एकटा ठेवून पाहावा.

प्रकाशाचा दोष याहून फसवा. दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांनी रंगवलेली दोन कापडे दिवसाच्या उजेडात हुबेहूब जुळतात आणि संध्याकाळी दिव्याखाली फारकत घेतात, कारण त्यांचे प्रकाश परत पाठवण्याचे गणित मुळात वेगळे असते आणि ते केवळ एका प्रकारच्या प्रकाशातच योगायोगाने एकसारखे दिसते. जुन्या कापडाला जुळणारा रंग वेगळ्या कंपनीच्या डब्यांतून बनवायचा असेल तर हा धोका ठरलेलाच असतो. खिडकीजवळ जुळवा, दिव्याखाली तपासा, आणि दोन्हीकडे जुळले तरच शिवायला द्या.

गिरण्यांकडे यासाठी मोजमापाची यंत्रे असतात. कुबेल्का आणि मुंक यांनी 1931 साली मांडलेल्या सूत्रांच्या आधारे संगणक रंगाचे प्रमाण सुचवतो, रंगमापक छटेतला फरक आकड्यांत सांगतो, आणि एवढे असूनही प्रत्यक्ष माल रंगवण्याआधी लहान तुकड्यावर लॅब डिप केल्याशिवाय पुढे जात नाहीत. विणकामाच्या लोकरीच्या गुंडीवर लॉट क्रमांक छापलेला असतो तो याच कारणाने. ज्यांच्याकडे ही सारी साधने आहेत ते स्वतःच सांगतात की दोन खेपांचे रंग मिसळू नका, तर बादली आणि मोजपट्टी एवढ्यावर काम करणाऱ्याने हुबेहूब पुनरावृत्तीचे वचन कशाच्या जोरावर द्यावे?

मी स्वतः कुठवर जाते ते सांगते. रंग चमच्याने न घेता वजनाने घेते, आणि तेही कोरड्या कापडाच्या वजनाच्या टक्केवारीत: फिक्या छटेला एक टक्क्याच्या आत, मध्यम छटेला दोन ते चार, काळ्याला सात-आठ. कापूस हवेतला ओलावा घेतो, प्रमाणित हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास, म्हणून दमट दिवशी धुऊन अर्धवट वाळलेल्या कापडाचे वजन धरत नाही. थोडी पूड मोजणे साध्या तराजूला जमत नाही, तेव्हा एक टक्क्याचे द्रावण करून ते मिलिलिटरमध्ये मोजते. पाण्याचे प्रमाण, तापमान आणि वेळ वहीत लिहिते आणि शेजारी धुतलेल्या, वाळलेल्या चिंधीचा तुकडा चिकटवते. तुकड्याशिवाय लिहिलेली नोंद मला वर्षभराने काहीच सांगत नाही. ‘छान विटकरी आला’ या शब्दांवरून तो विटकरी परत आणता येत नाही.

याच्या पुढे मात्र मी जात नाही. सपाट रंगासाठी एवढी शिस्त पुरते आणि थोडाफार फरक उरतो तो कापडाला शोभतो. घडीच्या, बांधणीच्या, बर्फाच्या कामात तर मी वहीत फक्त रंग आणि कापड लिहिते. घडी कशी होती हे लिहिण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण पाणी कोणत्या सुरकुतीतून किती वेळाने आत शिरले याची नोंद कोणालाही ठेवता येणार नाही. तो दुसऱ्या प्रकारचा बेभरवसा आहे आणि तो मला मान्य आहे. मला खटकते ती वेगळी गोष्ट: कापड खराब झाल्यावर ‘हाताचे काम आहे, असेच असते’ असे म्हणणे. खळ न काढल्यामुळे पडलेला डाग हा हाताच्या कामाचा गुण नव्हे. कोणता योगायोग हवा आहे हे रंगवण्याआधी ठरवलेले असावे, नंतर मिळालेल्या निकालाला ते नाव देऊ नये.

एक सोय मात्र आपल्या हातात नेहमीच असते, ती म्हणजे वरून रंगवणे. नको तो रंग आला तर तो काढत बसण्यापेक्षा त्यावर दुसरा चढवणे सोपे. रंग प्रकाश वजा करत जातात, म्हणून वरून चढवलेला रंग कापडाला उजळ करू शकत नाही, पण वेडावाकडा गुलाबी फिक्या निळ्याखाली जांभळ्यात विरून जातो आणि डागाळलेला पिवळा हिरव्यात चांगला रमतो. पूरक रंगाचा अगदी थोडा अंश भडकपणा उतरवतो. लालभडक झालेल्या कापडाला पुसटशा हिरव्याने जो संयम येतो तो केवळ फिके करून येत नाही. उरलेल्या रंगाच्या पाण्यात दुसरे कापड टाकण्याची सवयही चांगली, मात्र वनस्पतींचे रंग किंवा आम्लधर्मी पाण्यातले लोकरीचे रंग असतील तेव्हाच, कारण सोडा पडलेले रिअ‍ॅक्टिव्ह पाणी तोवर संपलेले असते. त्या दुसऱ्या कापडावर पहिल्याचीच फिकी आवृत्ती येईल असे समजू नये. घाईचे रंग पहिल्या कापडाने आधीच नेलेले असतात आणि मागे उरलेल्यांचा मेळ वेगळा असतो.

कोणी माझ्याकडून दोन पडदे किंवा सदऱ्याचा पूर्ण जोड रंगवून मागितला तर सगळे कापड एकाच बादलीत, एकाच वेळी भिजवते आणि त्यात बाह्यांसाठी, गळ्यासाठी, पुढे लागू शकणाऱ्या ठिगळासाठीही थोडे जास्त घालते. पुढच्या वर्षी तिसरा पडदा हवा असेल तर तो आत्ताच सांगावा, असे स्पष्ट सांगते. नंतर आलेल्या मागणीला मी होकार देते, पण वहीतला तुकडा दाखवून, त्याच्या दोन्ही बाजूंना जराशा निळसर आणि जराशा लालसर छटांचे तुकडे ठेवून, ‘या तिघांच्या मधे कुठेतरी येईल’ एवढेच कबूल करते. काही जण तेवढ्यावर राजी होतात, काही गिरणीचे कापड घेतात.